पोत्याच्या तोंडची खारीक

आमच्या समाइलच्या खोऱ्यात खारकेचं पोतं भरणं हे बायकांचं काम. पुरुषांनी झाडावर चढून घड उतरवायचे, तांब्याच्या मोठ्या कढयांत फळ उकळायचं, ते दगडांवर वाळत घालायचं. झावळ्यांचं पोतं मात्र बाईनं भरायचं आणि तिनंच शिवायचं. तळाला बारकी, सुरकुतलेली खारीक आणि तोंडाशी मोठी, पिवळीधमक. यात फसवणूक नव्हती. मत्रह बंदरातले व्यापारी पोतं चटईवर पालथं करूनच भाव सांगत. पण पोतं उघडणाऱ्याच्या हाताला पहिल्यांदा लागेल ते चांगलंच असावं, मग तो उघडणारा कोणी का असेना, ही रीत. जिच्या पोत्याच्या तोंडाशी किडकी खारीक निघे, तिच्या आईचं नाव लोक काढत.

माझी धाकटी बहीण झुवैना पोतं भरायला लागली की शेजारणी बघायला यायच्या. तिचा नवरा हुमैद थट्टेखोर माणूस. त्यांना मूल नव्हतं, म्हणून आम्हा बाकीच्यांसारखं 'अमक्याचा बाप' असं नाव त्याला कधी मिळालं नाही. मला गाव अबू मुहन्ना म्हणे, त्याला नुसतं हुमैद. तो म्हणायचा, "बरंच आहे. कोणी हाक मारली की मी एकटाच वळून बघतो."

तेव्हा डोंगरांत इमामाचं राज्य होतं आणि बंदरावर सुलतानाचं, त्याच्यामागे इंग्रजांच्या आगबोटी. दोघांचं जमलं नाही आणि ते आमच्या खारकेवर आलं. किनाऱ्यावरच्या खारकेला शेकडा पाच जकात, आमच्या आतल्या मुलखाच्या खारकेला चौथाई. तीही माल विकण्याआधी. जकातीचा कारकून पोत्याचं नुसतं तोंड उघडायचा आणि वरची खारीक बघून सगळ्या खेपेचा भाव धरायचा.

त्या साली फळ भरायच्या आधीच गरम वारा सुटला. बहुतेक घड झाडावरच आक्रसले. हुमैदनं एका संध्याकाळी माझ्यासमोरच बायकोला सांगितलं, "ही खेप नीट गेली तर हिवाळ्याचा तांदूळ घरात येईल आणि मी इथंच राहीन. नाही गेली तर मला झांझिबार गाठावं लागेल."

हुमैदचा बाप झांझिबारला लवंगा तोडायला गेला होता, तो परत आलाच नव्हता.

"म्हणून यंदा पोती उलटी भर," हुमैद म्हणाला. "बारकी वर, मोठी तळाला."

"माझी पोती? लोक काय म्हणतील?"

"लोक कुठं उघडतायत? जकातवाला उघडणार."

"त्याला काय आई नाही?"

"असेल की. पण तिनं त्याला जकातच शिकवलीय."

झुवैना हसली आणि तिनं होकाराची मान डोलावली. पोती शिवून झाल्यावर आम्ही माझ्या उंटांवर लादली आणि निघालो.

मत्रहच्या जकातीच्या अंगणात पोती वाहायला आणि उघडायला शंबे नावाचा म्हातारा बलुची होता. कारकून सावलीत खुर्चीवर बसलेला. हुमैद खुशीत होता.

"काय शंबेकाका, अजून मेला नाहीस?"

"तुमच्या चौथाईतला माझा वाटा मिळाल्याशिवाय कसा मरू?" शंबेनं सुरी काढली. "यंदा काय आणलंस, पोरा?"

"कचरा आणलाय, काका. गरम वाऱ्यानं वाट लावली. उघड आणि बघ."

शंबेनं पहिल्या पोत्याची शिवण कापली. तोंडाशी बोटाएवढी, पिवळी, चकचकीत खारीक. एकही डाग नाही.

हुमैद बघतच राहिला. मग म्हणाला, "हे चुकून झालं असेल. दुसरं उघड."

दुसऱ्यातही तेच. तिसरंही तसंच.

"कचरा म्हणे," कारकून खुर्चीतून म्हणाला. "असा कचरा रोज आण बाबा. उत्तम माल, सगळी खेप."

"साहेब, खाली बारकी आहे. एक पोतं पालथं करून बघा, हात जोडतो."

"प्रत्येकाचं पोतं पालथं करत बसलो तर मुंबईची जहाजं थांबतील होय? तोंड बघायचं, असा हुकूम आहे."

"मग मी स्वतः पालथं करतो."

शंबेनं त्याचा हात धरला. "इथं सांडलंस तर सगळं जप्त होईल. तुम्ही डोंगरातली माणसं पोत्याला नवरीसारखं सजवता आणि मग रडता. चल, बाजूला हो."

जकात भरायला आमच्याकडे रोकड कुठली? भाटिया व्यापारी विसनजी यानं ती भरली आणि तेवढी खारकेच्या किमतीतून वळती केली. त्यानं पोती चटईवर पालथी केली, वाईट वाटून मान हलवली आणि बारक्या खारकेचा भाव सांगितला. त्यात त्याची चूक नव्हती. जकात वरच्या खारकेची आणि विक्री तळच्या खारकेची, असा हिशोब झाला. तांदळाचं एक पोतं आलं. हिवाळा तेवढ्यावर निघणार नव्हता.

हुमैदनं ते माझ्या उंटावर बांधलं.

"तू घेऊन जा. उत्तरेचा वारा सुटेपर्यंत मी इथंच हमाली करतो. झांझिबारची जहाजं तेव्हाच निघतात."

"घरी तर चल. तिला भेटून मग जा."

"भेटलो तर जाववणार नाही. आणि हे बघ अबू मुहन्ना, पोत्यांचं तिला सांगू नकोस. भाव पडला म्हणावं."

"तिच्यावर रागावलायस?"

तो बराच वेळ उंटाची दोरी पुन्हा पुन्हा आवळत राहिला. "तिचा हात वळला नसेल," एवढंच म्हणाला.

मी घरी पोचलो तेव्हा झुवैना पाण्याच्या पाटावर भांडी घासत होती. माझ्या मागे कोणी नाही हे तिनं पाहिलं. मी म्हणालो, "भाव पडला."

"किती पोती उघडली?"

मी उंटाकडे बघत राहिलो. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"उलटं भरलं होतं, दादा. खरंच भरलं होतं. शिवायच्या आधी एकदा हात घातला आणि बारकी, काळी खारीक हाताला लागली. वाटलं, परका माणूस का असेना, तो हेच उघडणार. मग सगळी ओतली आणि पुन्हा भरली." पाण्याकडे बघत ती म्हणाली, "मला वाटलं, चांगलं बघून तोही चांगलं वागेल."

हुमैद झांझिबारला गेला. तिथल्याच पेंबा बेटावर त्याला पाहिल्याचं एका खलाशानं सांगितलं होतं. त्यानंतर काही कळलं नाही.

पुढच्या सालापासून खोऱ्यातल्या सगळ्याच बायका बारकी खारीक तोंडाशी भरू लागल्या. कोणी कोणाला सांगितलं नाही. झुवैनाही तशीच भरू लागली. पुढे कारकून बदलला. हा तोंड न बघता पोत्याच्या पोटात सुरी खुपसायचा. तरी बायकांचे हात परत वळले नाहीत.

आता आम्ही दोघंही म्हातारे झालो आहोत. मी तिच्या घरी गेलो की झुवैना कॉफी ठेवते आणि घरातलं पोतं उघडते. वरची बारकी खारीक बाजूला सारते, कोपरापर्यंत हात आत घालते आणि चेहरा भिंतीकडे करून तळाची मोठी चाचपत राहते. कॉफी निवून जाते. मी म्हणतो, "असू दे गं, वरचीच दे." ती ऐकत नाही.