सव्वा लिहिलं, दीड बसवले

विल्फ एंटविसल यांच्या शेडमध्ये खोडरबर नव्हता. इंजिन बांधायला घेतलं की ते एक पिवळं कार्ड काढायचे, तारेनं ब्लॉकला अडकवायचे, आणि प्रत्येक माप त्यावर पेन्सिलीनं लिहायचे. चुकलं तर पुसायचं नाही. चुकलेल्यावर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी. शेजारी बरोबर ते लिहायचं आणि आपली अक्षरं टाकायची. माझी अक्षरं ने. शॉ. नेव्हिल शोरॉक. दिवसा बस डेपोत फिटर, आणि अकरा वर्षं मंगळवार, गुरुवार, शनिवार विल्फच्या शेडमध्ये.

खालचं सगळं त्याच नियमानं लिहितो आहे.

मालक

ब्रेंडा डकवर्थ. वय एकसष्ट. शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचं जेवण रांधते आणि उन्हाळ्यातल्या रविवारी आपली छोटी लाल मिनी घेऊन डोंगराच्या चढाईला जाते. एका वेळी एकच गाडी, पायथ्यापासून माथ्यापर्यंत, घड्याळाशी शर्यत. मागच्या वर्षी गटातला तिचा पहिला नंबर दोन दशांश सेकंदांनी हुकला होता.

"दोन दशांश," ती शेडच्या दारात उभी राहून म्हणाली. "तेवढ्यात मला शिंकसुद्धा येत नाही. विल्फ, काहीतरी कर."

"वजन कमी कर," विल्फ म्हणाले.

"गाडीचं?"

"मी काही बोललो नाही."

रॉकर

रॉकर म्हणजे व्हॉल्व्हच्या डोक्यावरची लहानशी सी-सॉ. एक टोक खालून कॅम, म्हणजे फिरत्या दांड्यावरचा उंचवटा, उचलतो, दुसरं टोक व्हॉल्व्ह खाली दाबतं. सी-सॉची दांडी कुठे टेकवली आहे त्यावर हिशेब. सव्वाच्या रॉकरनं कॅमच्या उचलीच्या सव्वापट व्हॉल्व्ह उघडतो, दीडच्यानं दीडपट. कारखान्यातून गाडी सव्वावर आली. दीडचे बसवले की इंजिन मोकळा श्वास घेतं.

पण या इंजिनात एक खोड आहे. एक्झॉस्टच्या, म्हणजे जळका वायू बाहेर सोडणाऱ्या, व्हॉल्व्हची कड सिलिंडरच्या बाहेर, ब्लॉकच्या सपाट माथ्यावर येते. व्हॉल्व्ह फार खाली गेला तर तिथे आपटेल, म्हणून ब्लॉकमध्ये चंद्रकोरीएवढा खळगा पाडतात. किती उघडायचं ते त्या खळग्याच्या खोलीवर ठरतं.

मी तीन वर्षं दीडच्या मागे होतो. आठही दीडचे.

"इनलेटला दीड," विल्फ म्हणाले. "एक्झॉस्टला सव्वा."

"अर्धवट कशाला? आठांचा संच आणलाय मी."

"बुटांचाही जोड आणतो आपण. पाय एकच सुजला असेल तर?"

"विल्फ, आता सगळे आठ टाकतात."

"मग सगळ्यांकडे जा." ते हसत होते. "आत यायला वाट हवी आहे, नेव्हिल. बाहेर जाणारं आपसूक जातं. खळगे आणखी पाडायचे तर ब्लॉक पुन्हा मिलिंगला न्यावा लागेल. तेवढ्या पातळ कडेवर मला पुन्हा कटर फिरवायचा नाही."

कार्डावर लिहिलं गेलं: इनलेट दीड. एक्झॉस्ट सव्वा. अक्षर विल्फचं.

खळग्यातलं अंतर

हे मोजतात लहान मुलांच्या खेळायच्या मातीनं. विल्फ नेहमी हिरवी घ्यायचे. खळग्यात मातीची गोळी बसवायची, जुनं गॅस्केट घालून वर हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, चढवायचं, रॉकर लावून इंजिन हातानं दोन फेरे फिरवायचं, मग सगळं उतरवायचं. व्हॉल्व्हनं माती दाबलेली असते. ब्लेडनं कापायची आणि सगळ्यात पातळ जागी मायक्रोमीटरनं जाडी घ्यायची.

त्या वर्षी विल्फच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. तरी माप तेच घेत. मातीचा तुकडा पकडलेला मायक्रोमीटर खिडकीकडे धरून ते म्हणाले, "अडुसष्ट."

अडुसष्ट थाऊ, म्हणजे इंचाचे अडुसष्ट हजारावे भाग. चाळीस असले तरी चालतं.

"तू बघ," त्यांनी मायक्रोमीटर तुकड्यासकट माझ्याकडे दिला. मी बघितलं. अडुसष्टच होते.

हे वाक्य लक्षात ठेवा. अडुसष्टच होते. त्यांच्या डोळ्यांनी काहीही चूक केली नव्हती.

गुरुवार

गुरुवारी विल्फ डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. हेड नव्या गॅस्केटवर कायमचं आवळून झालं होतं. मला फक्त रॉकर लावून झाकण बंद करायचं होतं.

माझ्या हातून आठही दीडचे बसले.

खोडलं. त्याजागी: मी आठही दीडचे बसवले. ने. शॉ.

गणित मी जिना चढताना तोंडी केलं असतं तरी सुटलं असतं. कॅमची उचल दोनशे साठ. सव्वाला तीनशे पंचवीस, दीडला तीनशे नव्वद. पासष्टचा फरक. अडुसष्टातून पासष्ट गेले, उरले तीन. तीन थाऊ म्हणजे सिगारेट वळायच्या तीन कागदांएवढी जागा; हातानं फिरवताना पुरते, वेगात नाही. मी गणित केलं नाही. इंजिन हातानं फिरवलं, कुठे लागलं नाही. कार्डावर सव्वा तसंच राहू दिलं. मनात होतं, रविवारी ब्रेंडा जिंकेल, मग विल्फना झाकण उघडून दाखवू. ते म्हणतील, गाढवा, बरोबर होतास.

तेवढंच हवं होतं मला. अकरा वर्षांत एकदा.

रविवार, पहिली फेरी

ब्रेंडानं स्वतःचा विक्रम आठ दशांशांनी मोडला. खाली आली तेव्हा हेल्मेटमध्ये केस चिकटलेले, गाल लाल.

"विल्फ, म्हाताऱ्या, तुझा सव्वा," ती म्हणाली. "एक्झॉस्टला सव्वा. मला वाटलं होतं तू आळशीपणा करतोयस."

"आळस म्हण, अनुभव म्हण," विल्फ म्हणाले. माझ्या खांद्यावर हात टाकला. "हा पोरगा तीन वर्षं भांडला माझ्याशी. आता गप्प आहे बघ."

मला विल्फच्या हाताचं वजन जाणवत होतं आणि तो तिथून निघावा असं वाटत होतं.

तिथे सांगता आलं असतं. दुसऱ्या फेरीला चाळीस मिनिटं होती. झाकणाचे दोन नट. मी बटाट्याचा पॅटिस खाल्ला.

रविवार, दुसरी फेरी

वरच्या वळणाच्या अलीकडे आवाज झाला. पायथ्यापर्यंत ऐकू आला. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकला लागत लागत शेवटी मानेतून तुटला, त्याचं डोकं आत पडलं आणि पिस्टननं त्याच्यासकट सगळं कुटलं. ब्लॉकला हाताच्या तळव्याएवढं भोक. तो ब्लॉक ब्रेंडाच्या वडिलांनी नवी गाडी घेतली तेव्हाचा, पहिला.

ती तेलानं माखलेल्या गवतावर बसून होती. "पाय शाबूत आहेत," ती म्हणाली. "विचारताय म्हणून सांगते."

ट्रेलर माझा होता, म्हणून गाडी माझ्या गॅरेजमध्ये आली.

सोमवार

सोमवारी कामावर जायच्या आधी मी इंजिन थोडं तपासलं.

खोडलं. त्याजागी: सोमवारी कामावर जायच्या आधी मी झाकण काढलं आणि एक्झॉस्टचे चारही दीडचे रॉकर उतरवून गुरुवारी उरलेले सव्वाचे लावले. नट आवळले. वर तेल फिरवलं, बोटांचे ठसे दिसू नयेत म्हणून. उतरवलेले चार मोज्यात घालून कपाटामागे ठेवले. वीस मिनिटं लागली. हात अजिबात थरथरले नाहीत. ने. शॉ.

मंगळवार

विल्फ भिंग घेऊन आले. झाकण काढलं, एक्झॉस्टचे सव्वाचे रॉकर बघितले, कार्ड बघितलं. हेड उतरवलं. तिसऱ्या खळग्याच्या कडेला चकचकीत ओरखडा होता.

"इथवर आला कसा?" ते म्हणाले. "अडुसष्ट होते."

"व्हॉल्व्हची स्प्रिंग मेली असेल," मी म्हणालो.

त्यांनी चारही स्प्रिंगा दाबून बघितल्या. ठणठणीत. मग स्टुलावर बसले. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

"आठ असतील," ते म्हणाले. "नुसते आठ. मी अडुसष्ट वाचले."

मी काहीच बोललो नाही.

खोडलं. काहीच बोललो नसतो तर बरं होतं. त्याजागी: मी म्हणालो, "होतं कधीकधी." ने. शॉ.

"तुलाही दाखवलं होतं ना मी?"

"दाखवलं होतं. पण मी काय, तुम्ही म्हणालात म्हणून मान हलवली."

त्यांनी माझ्याच गॅरेजमधून ब्रेंडाला फोन लावला. मी शेजारी उभा. "ब्रेंडा, माझ्याकडून झालं. माप चुकलं. माझे डोळे." पलीकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण बराच वेळ बोलत होती, आणि विल्फ मध्ये मध्ये फक्त "तुझा चांगुलपणा आहे" म्हणत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

शेड

ऑगस्टमध्ये शेडला कुलूप लागलं. सप्टेंबरमध्ये डोळ्यांचं ऑपरेशन झालं, उत्तम झालं, आणि विल्फना आता पलीकडच्या टेकडीवरची मेंढरं मोजता येत होती. तरी कुलूप तसंच. दोन इंजिनं आली, दोन्ही परत पाठवली.

"डोळे सुधारलेत की," मी म्हणालो.

"डोळे सुधारले. पण चुकीचं वाचताना मला कळलं नव्हतं, नेव्हिल. तेव्हाही खात्री होती. आता खात्री वाटते तिचं काय करू?"

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी गुरांच्या बाजाराच्या छपराखाली जुन्या सुट्या भागांची जत्रा भरते. विल्फनी तिथे टेबल घेतलं. सगळी हत्यारं विकायला.

शनिवार

मी नऊ वाजता पोचलो. कोटाच्या खिशात मोजा, मोज्यात चार रॉकर. डायल गेज, बोअर गेज, स्प्रिंग दाबायचा चाप, सगळं टेबलावर ओळीनं, पुसून. टोकाला बिस्किटाचा डबा, त्यात आजवरची पिवळी कार्डं. आणि बाजूला, कापडात गुंडाळलेला मायक्रोमीटर.

"हा विकायचा नाही," विल्फ म्हणाले. "तुझा."

मी मोजा टेबलावर उलटा केला.

त्यांनी एक रॉकर उचलला. त्यांना विचारावं लागलं नाही कितीचा ते. मी सगळं सांगितलं, गुरुवारपासून. मध्ये एक माणूस येऊन चाप उचलून बघू लागला.

"कितीला?"

"विकायचा नाही," विल्फ म्हणाले.

"टेबलावर ठेवलाय की."

"टेबलही विकायचं नाही."

माणूस गेला. विल्फ रॉकर बोटांत फिरवत राहिले.

"अडुसष्ट होते?"

"अडुसष्ट होते."

"आणि मी फोन केला तेव्हा हे चार कुठे होते?"

"कपाटामागे. तुमच्यापासून दोन हातांवर."

त्यांनी मान हलवली, माप पटलं की हलवायचे तशी. मग डबा उघडून ब्रेंडाचं कार्ड काढलं, पेन्सिल काढली, दोन्ही माझ्यापुढे सरकवलं.

मी सव्वावर रेघ मारली. शेजारी लिहिलं, दीड. ने. शॉ. आणि आजची तारीख घालू लागलो.

"आजची नको. त्या गुरुवारची."

मी गुरुवारची घातली.

"आता मंगळवारचं."

"मंगळवारी मी काही बसवलं नव्हतं, विल्फ."

"मंगळवारी तू म्हणालास, होतं कधीकधी. ते कुठल्या रकान्यात बसतं ते तूच बघ. मला अकरा वर्षांत असा रकाना लागला नव्हता."

तसा रकाना नव्हता. मी कार्ड उलटवलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. लिहिताना पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं, दोन्ही वेळा विल्फनी खिशातल्या चाकूनं तासून दिलं. ते मला शिव्यांपेक्षा जड गेलं.

लिहून झालं तोवर ते हत्यारं खोक्यात भरत होते. डायल गेज, बोअर गेज, चाप. शेवटी मायक्रोमीटर. तो त्यांनी कापडासकट उचलला आणि आपल्या खोक्यात ठेवला. मी हात पुढे केला, खोकं उचलायला.

"राहू दे," ते म्हणाले. "माझं मी नेतो."

"मंगळवारी येऊ का?"

"शेड उघडेन मी मंगळवारी." एवढंच म्हणाले.

चहाच्या खिडकीकडून ब्रेंडा येत होती. तीन कप, दोन हातांत, कोपरानं गर्दी सारत. मला बघून हसली.

विल्फनी कार्ड माझ्या हातात दिलं. "तिला वाचून दाखव. दोन्ही बाजू."

"तुम्ही थांबता?"

"थांबतो. माझा चहा आहे तिच्याकडे."

तिनं कप टेबलावर ठेवले, थोडा चहा सांडला. रिकाम्या टेबलाकडे बघून म्हणाली, "सगळं खपलं? एवढ्या लवकर?"

मी वाचायला सुरुवात केली.