ओळखीचा हात

"आत्या, नीट ऐक. पान उघडं असताना फिल्टरतोड बंद करायची नाही. आधी पान मिटायचं, मग फिल्टरतोड. उलटं केलंस तर काय गेलं आणि काय राहिलं, तुझं तुलाच कळायचं नाही."

रोशनकनं हे सांगितलं तेव्हा ती दारात उभं राहून बुटांचे बंद बांधत होती. बाहेर टॅक्सी थांबलेली. भावाची ही मुलगी त्या दिवशी देश सोडून गेली ती गेलीच, पण जाताना बेहजत खानुमला इन्स्टाग्रामवर एक पान उघडून देऊन गेली. केरमानच्या बायका लाल लोकरी कापडावर सुईनं सुरूची झाडं भरतात, त्या पतेकामाचं पान. तांबटांच्या बाजारामागच्या गल्लीतलं बेहजतचं घर तेव्हापासून दुकानही झालं. शिराझपासून तबरीझपर्यंतची गिऱ्हाइकं त्या एवढ्याशा काचेतून येऊ लागली.

इन्स्टा देशात बंद. म्हणून फिल्टरतोड. सरकारनं लावलेल्या कुलपाची ही चोरकिल्ली भाजीवाल्यापासून इमामाच्या सुनेपर्यंत सगळ्यांच्या फोनात असते आणि कुणाच्याही तोंडी नसते. पेच एवढाच, की ती लावली की फोन परदेशातला भासतो, मग देशातली दारं उघडत नाहीत. टपालाची साइट म्हणते, तुम्ही बाहेरचे. म्हणून दिवसभर लाव आणि काढ, लाव आणि काढ.

बेहजत रोज पहाटेच्या नमाजानंतर दुआ म्हणून फोनवर फुंकर घालायची आणि मगच पान उघडायची. पानावर फक्त हात दिसत. सुई धरलेले, दोरा ओवणारे, कापड ताणणारे. चेहरा एकीचाही नाही, हा तिथे भरतकामाला येणाऱ्या साऱ्या बायकांचा शब्द होता. आणि गुलअंदामचे तर हातही नाहीत.

गुलअंदाम दोन हिवाळ्यांपूर्वी सीरजानहून आली आणि बेहजतकडेच राहिली होती. अंगावरच्या कपड्यांनिशी. तिच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा डाग होता, इस्त्रीच्या टोकासारखा तिकोनी. तो उमटवला होता तिच्या नवऱ्यानं. मोराद त्याचं नाव, ट्रक चालवायचा. "जिथे जाशील तिथून केस धरून आणीन," असं तो तिच्या आईच्या दारात उभा राहून ओरडून गेला होता. तेव्हापासून गुलअंदाम उन्हाळ्यातही लांब बाह्या घालायची.

नवरोज जवळ आलेला. एक मोठं पते पुरं झालं होतं. मधोमध सुरूचं झाड, चार कोपऱ्यांत बदामाकार बुट्टे. बेहजतनं ते अंगणातल्या तख्तावर पसरलं आणि फोन धरला. वाऱ्यानं कोपरा उडाला.

"अगं, कुणीतरी धरा गं तो कोपरा!"

कुणीतरी धरला. बेहजतचं लक्ष कापडावर होतं. चित्रफीत पानावर चढवायला टाकली, गोल चक्र फिरू लागलं. तेवढ्यात शिराझच्या गिऱ्हाइकीणबाईंचा फोन आला. "बेहजत खानुम, माझं पार्सल आहे कुठे? मुलीची पाठवणी झाल्यावर देणार का?" बेहजत गडबडली. टपालाची साइट उघडायची म्हणून तिनं फिल्टरतोड बंद केली. पान तसंच उघडं.

पार्सलचा पत्ता लागला, बाईंचं समाधान झालं. पण फिल्टरतोड पुन्हा लागेना. दुसरी लावली, तीही लागेना. दुपारपर्यंत साऱ्या गल्लीत एकच बातमी होती. राजधानीत काही झालं होतं, आणि देशाबाहेरचं सगळं नेट बंद केलं होतं. आतलं तेवढं चालू. टपाल चालू, बँक चालू, बातम्या चालू.

"बरं झालं," इस्मत म्हणाली. ती घरातली सगळ्यात जुनी भरणारीण, आणि सगळ्यात तोंडाळ. "आमचे हे आज पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघून जेवले. बघून झाल्यावर म्हणाले, नेट कधी येणार?"

बायका हसल्या. बेहजतही हसली. हसता हसता फोनातली चित्रफीत तिनं सहज उघडली, कापड कसं दिसतंय बघावं म्हणून.

शेवटी शेवटी कोपरा उडतो. एक हात पुढे येतो. मनगटाला पीठ लागलेलं, बाही कोपराच्या वर खोचलेली. गुलअंदाम खजूर भरायच्या कोलुंप्यांची कणीक मळत होती, तशीच उठून आली होती. उन्हात तो तिकोनी डाग एखाद्या सहीसारखा स्पष्ट.

तिनं पान उघडून पाहिलं. पांढरा पडदा, आणि मधोमध फिरणारं चक्र. चित्रफीत गेली की राहिली?

समोर गुलअंदाम खाली मान घालून हिरवा दोरा ओवत होती. बाही मनगटापर्यंत नीट बटण लावून.

दुसऱ्या दिवशी बेहजत जहानबख्शच्या मोबाइलच्या दुकानात गेली. डोक्यावरून घेतलेली चादर हनुवटीशी घट्ट धरून. जहानबख्शनं फोनात एकामागून एक फिल्टरतोडी घालून पाहिल्या.

"हाज खानुम, सगळ्या मेल्या. वरपासूनच बंद आहे."

"बाबा, एक काढून टाकायचं होतं रे पानावरून. गेलं असेल का ते?"

"गेलंही असेल, राहिलंही असेल. नेट आल्यावर कळेल." मग तिचा चेहरा बघून तो हळू आवाजात म्हणाला, "पण गेलं असलं तरी बघणार कोण? सगळा देश आंधळा झालाय. तुम्ही नाही, मी नाही, कुणीच नाही."

या वाक्याला बेहजत बुडत्यानं फांदी धरावी तशी धरून बसली. खरंच की. मोरादच्याही फोनात हेच पांढरं पान असणार. ज्या बंदीला ती रोज मनातल्या मनात बोल लावायची, ती आता घरावर पांघरूण घालून बसली होती. नमाजाच्या चटईवर बसून तिनं मागितलं, परवरदिगार, हे नेट येऊ देऊ नकोस. आणि मागून झाल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली. नवरोजची गिऱ्हाइकी बुडत होती. इस्मतच्या नवऱ्याला काम नव्हतं, कुणाच्या मुलाची फी राहिली होती, बायका रोज दारातूनच विचारत, "आलं का?" आणि बेहजत "नाही" म्हणताना खाली बघायची. सगळ्यांच्या पोटावर पाय येईल अशी दुआ आपण मागतो आहोत, ही कसली भक्ती?

गुलअंदामला मात्र तिनं सांगितलं नाही. सांगायला जायची आणि चहा ओतून परत यायची.

भीती घरात शिरली की तिला बसायला जागा लागत नाही. दार वाजलं की बेहजतच्या हातातली सुई थांबायची. एकदा गॅसवाला आला. एकदा शेजारचा म्हातारा, चिमटा मागायला. आणि एके सकाळी एक अनोळखी माणूस दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे लाल. म्हणाला, "हेच ना ते पतेवाल्यांचं घर?"

बेहजत दाराची कडी धरून त्याच्याकडे बघत राहिली. मागून इस्मत ओरडली, "हेच हेच! काय हवंय, दादा?"

"बायकोला नेटवरून घेणार होतो. नेटच नाही. म्हटलं, विचारत विचारत जावं."

त्यानं एक छोटं आसन घेतलं आणि तो गेला. इस्मत म्हणाली, "बेहजत खानुम, तुम्ही गिऱ्हाइकाकडे जीव न्यायला अझ्राईल आल्यासारख्या बघत होता. असं केलंत तर उरलेलंही कुणी येणार नाही." बायका हसल्या. गुलअंदाम हसली नाही. ती बेहजतकडे बघत होती.

त्याच दिवशी दुपारी घरचा जुना फोन वाजला. खूप खरखर, आणि खरखरीच्या पलीकडून रोशनक.

"आत्या! अगं, किती दिवस लावतेय. आज लागला. बरी आहेस ना?"

"बरी आहे, बाळा. ऐक, ते पान..."

"तेच सांगायचंय. चित्रफीत चढली होती. मी आज पाहिली आणि लगेच काढली. पासवर्ड माझ्याकडे होता म्हणून."

"काढलीस? मग झालं. इथे कुणी पाहिली नसणार. इथे सगळं बंद..."

"आत्या, इथे बंद नाही ना. बाहेर सगळं चालू आहे. चित्रफितीखाली एकानं लिहिलं होतं. नाव नाही, नुसतं ट्रकचं चित्र, मागे समुद्र. बंदर असावं तुर्कस्तानातलं."

"काय लिहिलं होतं?"

"हात ओळखीचा आहे. एवढंच."

मग फोन खरखरला आणि तुटला.

मोराद ट्रक चालवायचा. पिस्ते भरून सीमेपलीकडच्या बंदरापर्यंत जायचा. हे बेहजतला ठाऊक होतं, गुलअंदामनंच कधीतरी सांगितलं होतं. पण इतके दिवस तिच्या डोक्यात तो सीरजानच्या एखाद्या चहाखान्यात, आपल्यासारखाच आंधळा होऊन बसला होता. सगळा देश अंधारात होता, आणि एकटा तोच उजेडात. आणि पानाच्या माथ्यावर रोशनकनं मोठ्या हौसेनं लिहिलेला पत्ता. तांबटांच्या बाजारामागे, निळं दार.

ती तिथेच जमिनीवर बसली. बायका जेवायला आपापल्या घरी गेल्या होत्या. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता.

"गुलअंदाम," तिनं हाक मारली. "इकडे ये गं, बाळा. बस."

आणि सगळं सांगितलं. काही न वगळता. वारा, कोपरा, फिल्टरतोड, ट्रकचं चित्र. आपण नेट येऊ नये म्हणून दुआ मागितली, हेसुद्धा.

गुलअंदाम ऐकत राहिली. तिचा उजवा हात आपोआप डाव्या बाहीवर गेला आणि तिथेच राहिला.

"मला वाटलंच होतं," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही साखर न घालता चहा देत होतात."

"रागाव माझ्यावर. काहीतरी बोल."

"रागवायला वेळ कुठे आहे, खाला? त्याच्या मालाची उतरणी झाली की तो निघतो. मधे कुठे झोपत नाही." तिचा आवाज अगदी सपाट होता. "सीमेवर रांग असते. तेवढाच काय तो वेळ. निघालाही असेल."

"चौकीत जायचं का?"

"पहिल्यांदा विचारतील, नवऱ्याचं घर का सोडलंस. मग तुम्हाला विचारतील, बंद पानावर दुकान कसं मांडलंत. आणि मग त्यालाच फोन करतील, बायको घेऊन जा म्हणून."

बेहजतच्या नजरेसमोर सीर्च आलं. डोंगरातलं गाव, अक्रोडांची झाडं, आणि तिची बालमैत्रीण नव्वाब, जिच्याकडे साधा फोनही धड लागत नाही. एकटी राहते. आलेल्याला कोण, कुठली विचारत नाही.

"सीर्चला जाशील?"

"जाईन. पण..." गुलअंदामचा आवाज पहिल्यांदा हलला. "मला एकटीला पाठवू नका. आले तेव्हा एकटी आले. साऱ्या वाटेत तो मागच्या सीटवर बसलाय असं वाटत होतं. मान वळवायची हिंमत होत नव्हती. उतरले तेव्हा मान आखडली होती."

"मी येते. मागच्या सीटवर मी बसेन," बेहजत म्हणाली. "नव्वाबच्या घरात तुला बसवून, तुझ्या हातचा चहा प्यायल्याशिवाय माघारी फिरणार नाही. हा माझा शब्द."

"आणि इथे? तो इथे आला तर?"

संध्याकाळी बेहजतनं इस्मतला बाजूला घेतलं आणि किल्ली तिच्या हातात दिली. इस्मतनं ऐकून घेतलं. तिच्या तोंडावरचं हसू कुठल्या कुठे गेलं. मग ती म्हणाली, "दार बंद ठेवते. बायका माझ्या घरी बसतील. आला तर म्हणेन, ती कामवाली होती, नवरोजच्या आधीच पैसे बुडवून पळाली. चार शिव्याही घालेन तिला. मला ते जमतं."

पहाटे बांग झाली. दोघींनी शेजारी शेजारी नमाज पढला. गुलअंदामचं गाठोडं एवढंसंच होतं, वर उरलेली कोलुंपे बांधून घेतली. बेहजतनं आपला फोन बंद करून कोनाड्यात ठेवला. पहिल्यांदाच ती तो घरी ठेवून निघत होती. तिनं शोधणाऱ्याच्या नजरा झाकणारी दुआ म्हणून आधी गुलअंदामवर फुंकर घातली, मग दाराबाहेर डोकावली.

बाजाराच्या तोंडाशी एक ट्रक उभा होता. इंजिन चालू. त्याचा क्रमांक दिसत नव्हता, आत कोण होतं तेही दिसत नव्हतं. बाजारात ट्रक येतच असतात, तांब्याचे पत्रे घेऊन. बेहजत बराच वेळ उंबऱ्यात उभी राहिली.

"खाला?" मागून कुजबुज आली.

"मागच्या बोळातून जाऊ," बेहजत हळूच म्हणाली. तिनं आपल्या चादरीचा पदर उचलला, गुलअंदामचा डावा हात त्याखाली घेतला आणि आपल्या हातात घट्ट धरला. मग पावलांचा आवाज न करता दोघी सीर्चच्या मिनीबसच्या वाटेला लागल्या.