सात वेढे जायफळ

रिपोर्ट हातात पडून अर्धा तास झाला नसेल, तोवर आसियाने तो कुवेतपर्यंत पोचवलासुद्धा. ओट्याला टेकून, फोन स्पीकरवर टाकून ती लेकाला सांगत होती, "अदीब बेटा, सबर कर. पोराला डोळे आहेत, पण त्यांत नूर नाही. मशीननेच सांगितलंय." आणि आवाज जराही खाली न आणता पुढे, "हिचा आपट्याचा मामू आंधळाच होता ना? लग्नाच्या वेळीच बोलले होते मी."

पाच महिन्यांच्या अयानला खांद्यावर घेऊन नाझिया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मामूचे डोळे पन्नाशीनंतर डायबेटिसने गेले, हे तिने सासूला निदान दहा वेळा सांगितलं होतं. अकराव्यांदा तोंड उघडलं तसा आसियाने हात वर केला.

"मी माझ्या मुलाशी बोलतेय."

"नाझिया," फोनमधून अदीब म्हणाला, "रिपोर्ट खोटा आहे का?"

"खोटा नाही. चुकीचा आहे."

"घे! बीएस्सी बोलली," आसिया हसली. "उद्या बॅग भर, माहेरी आपट्याला जा. तुझ्या अम्मीला दाखव तिच्या खानदानाची देणगी."

"नंतर करतो फोन," म्हणून अदीबने फोन ठेवला. नाझियाला सासूच्या टोमण्यापेक्षा तेच जास्त लागलं.

तपासणी साधीच होती. डोळ्यांवर प्रकाशाच्या चमका मारायच्या आणि डोक्याच्या मागे चिकटवलेल्या तारांवरून पाहायचं, की मेंदूच्या बघणाऱ्या भागात लाट उठते का. शंभर चमकांची सरासरी. अयानची रेघ जवळजवळ आडवी पडली होती. खाली लिहिलं होतं, प्रतिसाद अत्यल्प. त्याच्याही खाली, बाळाची अवस्था: जागं.

त्या शेवटच्या शब्दावर नाझियाचं बोट अडलं.

दोन महिने ती पोरावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवत होती. फोनमध्ये नोंदी होत्या. सकाळी सात, पडद्याकडे बघून हसला. साडेनऊ, तोच पडदा हलवला, बघत नाही. दुपारी एक, माझी बांगडी धरली. पोर तेच, डोळे तेच, पण सकाळी नऊ ते अकरा त्याच्या डोळ्यांतून कुणी उठून गेल्यासारखं वाटायचं. या नोंदी डॉक्टरांना दाखवल्या म्हणून तर ही तपासणी निघाली. आणि तपासणीची वेळ मिळाली होती सकाळी दहाची.

दुसऱ्या दिवशी ती अयानला घेऊन एसटी स्टँडमागच्या, तपासणी झालेल्या सेंटरवर जाऊन बसली. मशीन चालवणारा अपूर्व तिशीच्या आतला, गळ्यात ओळखपत्र आणि चेहऱ्यावर कायमचा कंटाळा.

"मॅडम, मशीन खोटं बोलत नाही."

"मशीनला नाही म्हणत मी. तुम्ही 'जागं' लिहिलंय."

"डोळे उघडे होते."

"डोळे उघडे ठेवून माझा नवरा पण झोपतो. मला सरासरीच्या आधीची रेघ दाखवा."

"तुम्हाला काय कळणार त्यातलं?"

"नाही कळलं तर गप्प घरी जाईन."

तिला घालवायचा तोच एक मार्ग उरला, म्हणून त्याने स्क्रीन वळवली. संथ, मोठ्या, आळसटलेल्या लाटा या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरल्या होत्या. अपूर्व वाकून बघायला लागला. त्याच्या कपाळावर पहिल्यांदाच आठी आली.

"ही गुंगी आहे," तो नाइलाजाने म्हणाला. "अशा वेळी चमक डोळ्यातून आत जाते, पण मागे मेंदू नीट उत्तर देत नाही. लाट बारीक येते, उशिरा येते. बाळाला झोपेचं काही पाजलं होतं?"

"नाही."

"मग गुंगी काय हवेतून आली? सोमवारी दहाला आणा. पूर्ण जागं आणा. नाहीतर हाच रिपोर्ट कायम."

घरी परतताना रिक्षात नाझियाने नोंदी पुन्हा वरून खाली वाचल्या. नऊ ते अकरा. नऊच्या आधी काय? आंघोळ. तेल, आंघोळ, धुरी, गुटी, सगळं आसियाच्या हातचं. पहिल्या दिवसापासून त्या तासाला न्हाणीचं दार लोटलेलं असायचं. सुनेने त्यात डोकं घालायचं नाही, हा घरचा रिवाज होता आणि ती मुकाट पाळत आली होती.

सोमवारी साडेआठला तिने दार ढकललं.

आसिया पाटावर बसून सहाणेवर जायफळ उगाळत होती. दोन, तीन, चार. नाझिया मोजत राहिली. गुटीतल्या बाकीच्या जिनसांना एकेक वेढा, जायफळाला सात.

"सात?"

"मग काय? दोन वेढ्यांनी माशीसुद्धा झोपत नाही."

"रोज सात?"

"रोज. त्याशिवाय तुला अकरापर्यंत सुखाने कामं करता येतात का? माझी चारही पोरं यावर वाढली. एक तरी आंधळं झालं?"

"आणि तपासणीच्या दिवशी?"

आसियाने नजर चुकवली नाही. उलट मान ताठ केली. "दहा. परक्या माणसाने डोक्याला वायरी लावायच्या, पोराने घाबरायचं नाही? मी त्याचं भलंच बघितलं. आजही तेवढंच देणार. सरक."

नाझियाने सहाण उचलली आणि नळाखाली धरली. तपकिरी पाणी मोरीत वाहून गेलं.

"या घरात माझ्या हातावर हात टाकायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती," आसिया अगदी हळू म्हणाली.

"अम्मी, त्याला टॉवेल द्या. आम्हाला उशीर होतोय."

सेंटरवर अयानने आकाशपाताळ एक केलं. तारा लावताना रडला, लावल्यावर जास्तच रडला. स्क्रीनवर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा उमटत होत्या.

"झालं समाधान?" अपूर्व म्हणाला. "झोपलेलं तुम्हाला चालत नाही, रडणारं मशीनला चालत नाही."

"थांबा. मी पाजते."

"बाहेर नऊ पेशंट आहेत."

"मग दहावी मी. पडदा ओढा."

पोट भरल्यावर अयानचे डोळे मिटले. अपूर्वने घड्याळाकडे बघून मोठा उसासा टाकला, तिला ऐकू जाईल इतका मोठा. नाझिया हलली नाही. हे तिला पाठ होतं. पाजल्यावर तो चार मिनिटं पेंगतो. मग डोळे उघडतो, मुठी सैल पडतात, कपाळ गुळगुळीत होतं, आणि पुढची सात-आठ मिनिटं जग त्याचं असतं.

मुठी सैल पडल्या.

"आत्ता."

"नक्की?"

"आत्ता म्हटलं ना!"

चमका सुरू झाल्या. अयान बघत राहिला. स्क्रीनवर रेघ आधी थरथरली, मग हळूहळू तिच्यातून एक कमान वर आली. अपूर्वने काही न बोलता दुसऱ्यांदा चमका लावल्या. कमान पुन्हा त्याच जागी आली.

डॉक्टर मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. लाट वयाला साजेशी आहे, म्हणाल्या. नाझियाकडून सात वेढ्यांचं ऐकल्यावर म्हणाल्या, गुटी बंद करा, दोन महिन्यांनी पुन्हा या. नाझियाने नवा कागद पुन्हा एकदा वरपासून वाचला. पण उठताना जुना रिपोर्ट तिने अपूर्वपुढे सरकवला.

"यावर लिहा. त्या दिवशी बाळ गुंगीत होतं."

"त्यावर सही झालीय. आता तुम्ही मला शिकवणार?"

"हो."

त्याने पेन इतकं दाबलं की कागद फाटला. पण लिहिलं.

घरी आसिया बाहेरच्या खोलीत वाट बघत होती. अदीबला फोन झाला होता, हे तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

"दिसतं त्याला," नाझिया म्हणाली. "व्यवस्थित दिसतं. दोष मामूचा नव्हता, जायफळाचा होता."

"म्हणजे गुन्हेगार मी." आसिया उठून जवळ आली. "पाच महिने ज्या हातांनी न्हाऊमाखू घातलं, ते हात आता विषाचे. पोराला दिसतं म्हणून मला आनंद झाला नसेल, असं वाटतं ना तुला?"

"झाला असेल तर दिसू दे की, अम्मी."

आसियाचे ओठ आवळले गेले. कपाळाच्या शिरा तटतटल्या. नाझियाच्या कडेवरून अयानने मान वळवली आणि हातभर अंतरावरच्या त्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. डोळ्यांपासून ओठांपर्यंत, ओठांपासून पुन्हा डोळ्यांपर्यंत. त्याचा खालचा ओठ बाहेर आला. मग त्याने आईच्या मानेत तोंड खुपसलं आणि टाहो फोडला.

दोघी बायका जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्याने काय पाहिलं, हे दोघींनाही कळलं होतं.