रद्दीत घातलेला अंक

अडुसष्ट सालचा दसरा नुकताच उलटला होता. छापयंत्राच्या चाकावरचा झेंडूचा हार अजून पुरता सुकलाही नव्हता, तोच मुंबईहून आपटे आले आणि 'खाडीकाठ' साप्ताहिकाच्या छपराखाली येऊन उभे राहिले. गोदूबाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले. चहाचे मात्र विचारले नाही. तेवढ्यावरून त्यांच्या सुनेने, मंदाने, ओळखले की आज सासूबाईंच्या मनात काही वेगळेच आहे.

'खाडीकाठ' काढला तो गोदूबाईंचे यजमान दाजी यांनी. रत्नागिरीहून येऊन भाईंदरात बिऱ्हाड केलेला हा माणूस मिठागरांत मुकादमी करता करता पत्रकार झाला. ते गेल्यावर साप्ताहिक एकट्या बाईच्या बळावर चालेना, तेव्हा गोदूबाईंनी त्याचे नाव मुंबईच्या एका कंपनीला विकले. यंत्र आणि छप्पर मात्र त्यांनी स्वतःच्याच नावावर ठेवले. कंपनीने छपाई त्यांच्याकडे आणि संपादन मंदाकडे राहू दिले. एकच अट घातली: कंपनीच्या परवानगीवाचून त्या यंत्रावर दुसरे काही छापायचे नाही. पहिली प्रत शुक्रवारी मुंबईच्या कचेरीत जायची, आणि रविवारी अंक गावोगाव.

त्या शुक्रवारी गेलेल्या प्रतीनेच कंपनीचे व्यवस्थापक आपटे यांना शनिवारी सकाळी इथवर धावत आणले होते. पहिल्या पानावर मंदाने लिहिले होते की मुर्ध्याची खाडी बुजवून तिथे गाळे बांधण्याचा अर्ज सरकारदरबारी गेला आहे. बुधवारी भाईंदरच्या चावडीवर तहसीलदारांसमोर त्याची सुनावणी आहे. त्याची नोटीस इंग्रजीत लिहून चावडीच्या मागच्या भिंतीला चिकटवली आहे. आणि त्या दिवशी कोणी हरकत घेतली नाही, तर खाडी गेलीच म्हणून समजावे. खाडी गेली की भरतीचे पाणी मिठागरांत चढणार नाही आणि पावसाळ्यात होड्यांना आसरा उरणार नाही. शेवटच्या ओळीत अर्जदाराचे नाव होते. तो अर्जदार म्हणजे 'खाडीकाठ'च्या मालकांचीच दुसरी कंपनी.

"वहिनी काय लिहितात याची मालकांना कधी अडचण नव्हती," आपटे म्हणाले. "पाण्याचे नळ झाले, रस्त्याचे खड्डे झाले, आमदारांनासुद्धा चार कोपरखळ्या मारल्या. शेठ हसले. पण ज्या ताटात जेवायचे—"

"ताट कोणाचे?" गोदूबाईंनी विचारले.

"म्हणजे?"

"तुम्ही ताटाचे बोललात म्हणून विचारते. ही वाचणारी माणसे मिठागरांतली आहेत, होड्यांवरची आहेत. त्यांच्या ताटातले मीठ आणि मासळी दोन्ही या खाडीतून येते. शेठजींच्या ताटात काय येते, ते मला ठाऊक नाही."

आपट्यांनी घसा खाकरला. "बाई, पत्र ज्याचे, मत त्याचे. जगभर हेच चालते. हा अंक बाहेर जायचा नाही. त्याऐवजी शेठजींच्या धर्मशाळेच्या कोनशिलेचा फोटो आणि वृत्तांत मी आणला आहे."

मंदा ताडकन उठली. "मग माझा राजीनामाही घेऊन जा."

"मंदा, बैस," गोदूबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. पण दाजींच्या हयातीतही त्या सुरापुढे कोणी उभे राहत नसे. मंदा बसली.

आपट्यांनी कच्चे काम ठेवले नाही. मंदाने लिहिलेल्या पानाचे जुळवलेले खिळे त्यांनी जुळारी धाकूकडून आपल्या डोळ्यांदेखत सोडवून घेतले. प्रत्येक अक्षर आपापल्या खणात परत गेले, तेव्हा मुंबईला गेलेली प्रत सोडली तर ती बातमी जगात फक्त कोपऱ्यातल्या छापील गठ्ठ्यांतच उरली.

"आता हे जाळून टाका," ते गठ्ठ्यांकडे बोट दाखवून म्हणाले.

धाकू जागचा हलला नाही. त्याने गोदूबाईंकडे पाहिले.

"आपटेसाहेब," गोदूबाई म्हणाल्या, "यंत्रावर हार कसला आहे, ते पाहिलेत? या घरात अक्षराची पूजा होते. पाटीला पाय लागला तर आम्ही नमस्कार करतो. इथे कागदाला काडी लागत नाही. लावायची असेल तर तुम्ही लावा, धाकू काडेपेटी देईल."

धाकूने खरोखरच काडेपेटी पुढे केली.

आपटे सनातनी घरातले. त्यांनी झेंडूकडे पाहिले, काडेपेटीकडे पाहिले आणि हात मागे घेतला. "जाळा असे मी शब्दशः म्हटले नव्हते," ते पुटपुटले. "रद्दीत घाला. आजच्या आज. एकही प्रत इथे दिसता कामा नये."

"रद्दीत घालू?"

"हो, रद्दीत."

"धाकू, ऐकलेस ना? साहेबांची आज्ञा आहे."

आपटे समाधानाने गेले. जन्मात मासळीबाजाराची पायरी न चढलेल्या माणसाला ही रद्दी कोणाच्या टोपलीत जाते, हे कोण सांगणार? गोदूबाईंना तरी त्यांनी ते विचारले नव्हते.

दर शनिवारी दुपारी उत्तनची क्लारा छापखान्यात येई. बिघडलेले, डागाळलेले कागद ती उत्तनच्या सगळ्या बायकांसाठी नेई. सुके बोंबील त्यांतच बांधून विकले जात. मोबदल्यात गोदूबाईंच्या घरी मासळीचा वाटा पोहोचे. दाजींच्या काळापासूनचा हा रिवाज होता.

त्या दिवशी क्लारा आली आणि गठ्ठे पाहून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आगो बाय! येवरी रद्दी? धाकूला काय ताप आलता, का सगला अंकच बिघरवला?"

"अंक बिघडला नाही, क्लारा. मालक बिघडले."

"त्ये कदी बरं व्हतं?"

मंदाला हसू फुटले. मग तिने क्लाराला पहिले पान वाचून दाखवले. क्लाराला वाचता येत होते, उत्तनच्या पाद्र्यांच्या शाळेत ती मराठी चौथी शिकली होती. पण मंदाच्या तोंडून ऐकताना तिचा हसरा चेहरा हळूहळू दगडासारखा झाला. तिच्या नवऱ्याची, गॅब्रियलची, होडी पावसाळाभर त्याच खाडीत बांधलेली असे.

"ह्ये आमाला कोन सांगनार व्हतं?"

"आम्ही सांगणार होतो. आता तू सांगायचेस," गोदूबाई म्हणाल्या. "सगळे गठ्ठे ने. उद्या बोंबील बांधाल ते याच कागदात. पहिले पान बाहेरून राहील असे बांधायचे, मजकूर झाकायचा नाही. आणि देताना प्रत्येकीने एवढेच म्हणायचे: मासळी आत आहे, पण आधी बाहेरचे वाच."

"आन गिऱ्हाईक बोल्लं, शाई लागली बोंबलाला?"

"म्हणावे, या आठवड्यात मसाला कमी घाल."

क्लारा मोठ्याने हसली, आणि तिने पदर खोचला.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून उत्तनच्या बायका टोपल्या घेऊन निघाल्या. भाईंदरचा बाजार, राई, मुर्धा, मोर्वा, मिठागरांवरच्या चाळी, इतकेच काय, काशीमीऱ्याच्या हमरस्त्यावरच्या खानावळी. जिथे बोंबील गेला तिथे बातमी गेली. 'खाडीकाठ' एरवी विकत घेणारे थोडे. पण मासळी कोणत्या घरात जात नाही? जी घरे वर्गणीदार नव्हती, त्यांच्याही चुलीपुढे त्या दिवशी पहिले पान उलगडले गेले. ज्यांना मराठी वाचता येत नव्हते, त्यांना शेजाऱ्यांनी हिंदीतून सांगितले. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही. इथे तर झाकणाऱ्यानेच कोंबडे दारोदार पाठवले होते.

बुधवारी गोदूबाई ठेवणीतले इरकली लुगडे नेसून, मंदाला बरोबर घेऊन चावडीवर गेल्या. आपटे कंपनीच्या वकिलांशेजारी निर्धास्त बसले होते. तहसीलदारांनी अर्ज वाचला आणि सवयीने विचारले, "कोणाची हरकत?"

"माजी हाय," दारातून क्लारा म्हणाली.

तिच्यामागे गॅब्रियल होता. त्याच्यामागे उत्तनचे खलाशी, राई-मुर्ध्याचे आगरी, मिठागरांतल्या बायका. चावडी भरली, ओटा भरला, समोरचे पटांगण भरले. आणि प्रत्येकाच्या हातात घडी पडलेला, तेलकट, बोंबलाच्या वासाचा एकेक कागद. क्लाराने आपला कागद तहसीलदारांच्या टेबलावर पसरला. त्यांनी एका हाताने नाक धरले आणि दुसऱ्याने चष्मा लावून ते वाचू लागले. वाचता वाचता नाकावरचा हात खाली आला.

"ही नोटीस मराठीत का लावली नाही?" त्यांनी कारकुनाला विचारले. कारकुनाने वकिलांकडे पाहिले आणि वकिलांनी आढ्याकडे.

सूर्य कलेपर्यंत हरकती लिहून घेणे चालले होते. शेवटी तहसीलदारांनी शेरा वाचून दाखवला: गावांची उपजीविका या खाडीवर आहे, नोटीस सदोष आहे, सबब अर्ज नामंजूर करण्याची शिफारस. पटांगणात अशी आरोळी उठली की खाडीतले बगळेसुद्धा उडाले असतील.

गर्दीतून वाट काढत आपटे गोदूबाईंसमोर आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "तुम्ही मालकांची आज्ञा मोडलीत!"

"मोडली? अक्षरशः पाळली. रद्दीत घाला म्हणालात, रद्दीत घातला. धाकू साक्षीला आहे. एकही प्रत छापखान्यात उरलेली नाही, हवे तर येऊन पाहा."

"उद्यापासून 'खाडीकाठ' तुमच्याकडे छापला जाणार नाही. सूनबाईंनाही नारळ!"

मंदा काही बोलणार, तोच गोदूबाईंनी तिचा हात धरला. दाजींनी ठेवलेले नाव जाणार, हे त्यांच्या काळजाला लागले खरे. पण मान ताठच राहिली. "नाव तुमचे, घेऊन जा. आणि करारही घेऊन जा. आजपासून माझ्या यंत्रावर काय छापायचे, ते मी ठरवीन."

आपट्यांना आपण काय सोडून दिले, ते तेव्हा कळले.

दिवाळीच्या आत नवे साप्ताहिक निघाले. संपादक मंदा. नाव 'वलांडी', म्हणजे उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबील उन्हात वाळत घालतात तो बांबूंचा मांडव. वर्गणीदार पहिल्याच अंकाला इतके झाले की धाकूला मदतीस माणूस घ्यावा लागला. पहिली प्रत गोदूबाईंनी क्लाराच्या हातात ठेवली. क्लाराने ती दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"ह्यात मासली न्हाय बांदायची, बाय. ह्यो कागद जपून ठेवनार मी."

"वेडी की काय!" गोदूबाई कडाडल्या. "वाच आणि बांध. मासळीबरोबर गेला, तरच तो प्रत्येक घरात पोहोचेल."