किरवत्तीच्या अलीकडे मी हवा दिली नाही

मी एक जुना हातपंप आहे, मित्रांनो. सायकलच्या दांडीला दोन चापांत अडकवतात, तसला. फक्त जुना म्हणालो, चांगला म्हणालो नाही, हे लक्षात असू द्या.

अशा गोष्टीत आधी जन्म सांगतात, मग कष्ट, मग कौतुक, मग अडगळ. मीही त्याच वाटेने निघतो. तारिहाळच्या एका लहान कारखान्यात पत्र्याच्या नळीतून मी घडलो. पोटात चामड्याचा वॉशर, खाली आट्यांचं तोंड आणि त्या तोंडाला फिरवून बसवायची रबरी नळी, एवढाच माझा संसार. तिथून मी हुबळीच्या कमरीपेठेत मुकुंदरावांच्या सायकल दुकानात आलो. माझ्या हवेवर मास्तर शाळेत पोचले, दूधवाले गल्लोगल्ली फिरले. लोक म्हणायचे, "मुकुंदराव, तुमचा हा पंप म्हणजे..."

नको. कौतुक इथेच सोडतो. मला ते पुढे सांगवत नाही. नेत्राचंच सांगतो.

नेत्रा ही मुकुंदरावांची मुलगी. एकोणीसशे पंच्याण्णव साली एकोणीस वर्षांची होती. कॉलेजातल्या पाच मुलामुलींनी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सायकलवरून गोकर्णाला जायचं ठरवलं, तेव्हा सहावी ती. पंप मात्र सगळ्यांत मिळून एकच घ्यायचा ठरला. दुकान हिचं, तेव्हा पंपही हिचाच.

मुकुंदराव म्हणाले, "सायकलवाल्याची मुलगी आहेस. वाटेत कुणाच्या दारात हवा मागायची वेळ आली, तर तिथूनच माघारी यायचं. कबूल?"

"कबूल, अप्पा. पण पोचले तर पुढच्या वर्षी बदामी. आणि तेव्हा अटी नाहीत."

"आधी गोकर्ण. मग बोलू."

महिनाभर तिने तयारी केली. जे कळलं ते वहीत लिहिलं. सीट किती उंच? पायडल खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा, इतकी. ओझं पाठीवर घेऊ नये, कॅरिअरवर खाली बांधावं. निघण्याआधी तेवढंच ओझं बांधून एकदा धारवाडला जाऊन यावं. पहिला तास हळू चालवावं, पुढे निघून जाणाऱ्यांना जाऊ द्यावं. तहान लागण्याआधी प्यावं, भूक लागण्याआधी खावं. इथे तिने कंसात लिहिलं होतं, 'शेंगाचटणी जास्त घेणे.' घाटात ब्रेक सतत धरून ठेवू नये, दाबावा, सोडावा, दाबावा.

माझीही परीक्षा तिने घेतली. तोंडावर अंगठा ठेवून दांडा दाबला. मी अंगठा उडवून लावला. "शाब्बास," ती म्हणाली आणि मला पिशवीत भरलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा होते. पाने, हातोडी, पकड, सगळी पाटावर मांडली गेली. पंपाशिवाय सायकल दुकानाची पूजा कशी व्हायची? मुकुंदरावांनी मला पिशवीतून काढलं, रबरी नळी सोडवून बाजूला ठेवली आणि मला तोंड वर करून उभं केलं. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. मी फुगलो, मित्रांनो. हवेने नव्हे. मग मुकुंदरावांनी अक्षता टाकल्या. कुंकवात भिजलेला एक दाणा माझ्या उघड्या तोंडात पडला.

तो मला जाणवला. पण वाटलं, प्रसाद असेल.

दसऱ्याला त्यांनी नळी परत बसवली आणि मला पिशवीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सगळे निघाले. वाटेत किरवत्तीच्या अलीकडे त्या पाचांतल्या प्रभंजन नावाच्या मुलाचं चाक बसलं. नेत्राने ट्यूब काढली, घासली, ठिगळ लावलं. दहा मिनिटांत. मुलं बघत राहिली. मग तिने मला जोडलं.

मी हवा दिली नाही.

तिने व्हॉल्व्हवरचं बारीक रबर बदललं. मला उघडून वॉशर पाहिला, तो फाटलेला नव्हता. रबरी नळीत फुंकर मारली, ती मोकळी होती. दाणा दोन्हींच्या मध्ये, माझ्या तोंडाच्या भोकात चिकटून बसला होता. तिचे हात काळे झाले, कपाळावर ग्रीस लागलं.

प्रभंजन म्हणाला, "काय हो सायकलवाल्या बाई, दुकानात तरी हवा असते ना?"

सगळे हसले. तीही हसली. ते हसू मला अजून ऐकू येतं.

किरवत्तीपर्यंत सगळे चालत गेले. तिथल्या एका दुकानात हवा मिळाली. नेत्रा म्हणाली, "तुम्ही पुढे जा. मी परत जाते."

"वेडी आहेस का? तुझ्या अप्पांना कोण सांगणार आहे?"

"मी."

हुबळीकडे जाणाऱ्या लॉरीवाल्याने सायकल वर घेतली. "हत्तु तंगी, हत्तु," चढ पोरी, चढ, असं म्हणत तिलाही हात दिला. वाटभर तिने मला मांडीवर धरलं होतं. फेकून दिलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकुंदरावांनी माझी नळी सोडवली. सुईने उकरलं. लाल दाणा तळहातावर आला.

आतून नेत्राने विचारलं, "काय झालं होतं हो अप्पा, पंपाला?"

त्यांनी मूठ मिटली. "वॉशर सुकला होता. तेल घालायला विसरली असशील."

"हो," ती म्हणाली. "असेल."

मला तोंड आहे, मित्रांनो, पण त्यातून फक्त हवा येते.

बदामीचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. सायकल विकली. वही दुकानातच राहिली. लांब निघालेलं कुणी आलं की मुकुंदराव त्यातलं वाचून सांगत. लोक म्हणत, "अण्णा, खूप फिरलेले दिसता!" ते म्हणत, "हं." मी खिळ्यावरून ऐकत असे. आम्ही दोघेही गप्प राहण्यात तरबेज झालो होतो.

दोन हजार सहाची खंडेनवमी. नेत्रा आता धारवाडला बँकेत होती. सणाला घरी आली होती. मुकुंदरावांनी मला पाटावर उभं केलं, अक्षता उचलल्या आणि हात तिथेच थांबला. दुसऱ्या हाताचा अंगठा त्यांनी माझ्या तोंडावर ठेवला. मग हाक मारली, "नेत्रा, जरा इकडे ये गं."

पंक्चरच्या सोल्युशनच्या जुन्या डबीतून त्यांनी तो दाणा काढला. लाल रंग उडून गेला होता. "हा पंपात होता. त्या वेळी. मी टाकलेला."

तिने दाणा पाहिला. "अकरा वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, अप्पा. मी तेल घालायला विसरले म्हणून."

"ठाऊक आहे."

तिने मला पाटावरून उचललं. तोंडावर अंगठा ठेवला आणि दाबलं. मी होता नव्हता तो जीव एकवटला. अंगठा उडाला. ती 'शाब्बास' म्हणाली नाही.

"भाड्याची एखादी धड सायकल आहे?"

"आहे की. पण बाळ, मी काय म्हणतो..."

"आधी गोकर्ण, अप्पा. मग बोलू."

मित्रांनो, हत्यारांची पूजा जरूर करा. पण पूजेतून उठवलेलं हत्यार पिशवीत घालण्याआधी एकदा तपासा. पंप असेल तर तोंडावर अंगठा ठेवून दाबून पाहा. आणि दाणा तुमच्या हातून पडला असेल तर मूठ मिटू नका. त्याच सकाळी हात उघडून दाखवा.

आत्ता मी नेत्राच्या पिशवीत आहे. किरवत्तीच्या वाटेवरची कलघटगी मागे पडली. अजून चाक बसलेलं नाही. सांगायला लाज वाटते, पण एकदा तरी बसावं, असं वाटतंय.