शनिवारी बंद असलेली शाळा

सागवानाचा ठोकळा म्हटला की तो ठेवल्या जागी गप्प पडून राहणार, अशी तुमची समजूत असेल, मित्रांनो. माझा स्वभाव मात्र पहिल्यापासून उतावळा. माझ्या अंगात दहा भोकं आहेत, एकाहून एक मोठी, आणि प्रत्येकाच्या मापाचा एकेक लाकडी दट्ट्या आहे. एखादा दट्ट्या चुकीच्या भोकात गेला, की शेवटी एक उरतो आणि तो कुठेच बसत नाही. मुलाला चूक आपोआप कळते, कोणी रागवावं लागत नाही. पण ती कळेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

मला मुंबईत ज्यू लोकांच्या एका शाळेसाठी घडवलं. तिथे मॉंटेसरी पद्धतीचं शिक्षण नुकतं सुरू झालं होतं, आणि ते शिकायला मजलबाई पेझारकर येत. बाई कोकणातल्या ज्यू, घरात मराठीच बोलणाऱ्या. त्यांच्या यजमानांना हिंगोलीच्या कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिन सांभाळायची नोकरी लागली, तेव्हा शाळेने मला त्यांच्या ट्रंकेत निरोपादाखल घातलं. ते साल एकोणीसशे छत्तीस. निजामाचं राज्य होतं.

बाईंनी घराच्या ओसरीवर शाळा काढली. शाळा ज्यूंची म्हणायची, पण त्यात ज्यू मुलं दोनच, दोन्ही बाईंची. बाकी सगळी जिनिंगवरच्या मजुरांची. शुक्रवारी सूर्य मावळला की बाईंचा शब्बाथ लागायचा. मग शनिवारी सूर्य मावळेपर्यंत चूल नाही, काम नाही, लेखणीला हात नाही. गावात त्यांना 'शनवारच्या बाई' असंच नाव पडलं होतं.

बाई शिकवायच्या म्हणजे काय करायच्या, हे लोकांना समजत नसे. मूल येई, सतरंजीचा तुकडा अंथरी, फळीवरून हवी ती वस्तू घेई आणि कामाला लागे. बाई बाजूला बसून बघत. हट्टा गावाहून मजुरीला आलेला तातेराव आपल्या गोजरला तिथे पाठवी. एके दिवशी तो ओसरीखाली येऊन उभा राहिला.

"बाई, लेकरू घंटाभर चुकून राहिलं, अन् तुमी बघून राहिल्या. सांगून काहून नाही देत?"

"मी सांगितलं तर ते माझं होईल, तातेराव. तिचं तिला सापडू द्या."

तातेराव मान हलवत गेला. त्याची बाजू मला मनापासून पटत होती. गोजर तेव्हा सहा वर्षांची. ती मोठा दट्ट्या लहान भोकात बुक्क्या मारून बसवू बघायची, आणि माझ्या अंगावर काटा यायचा. पण पाचव्या दिवशी तिने सगळे दट्टे उपसून समोर मांडले, बोट फिरवून एकेक मापला आणि बिनचूक बसवला. मग कोणाकडे न बघता सगळं पुन्हा उपसून पहिल्यापासून सुरुवात केली. त्या दिवशी मला बाईंची पद्धत थोडी कळली. थोडीच.

खासगी शाळेला सरकारची इजाजत लागे. बाईंनी अर्ज केला होता. दोन वर्षांनी परभणीहून तपासणीचे साहेब आले, ते नेमके शनिवारी. निजामाच्या राज्यात शुक्रवार सरकारी सुट्टीचा, शनिवार कामाचा. त्यांचं काही चुकलं नव्हतं. बाईंनी पोरांना फक्त निरोप धाडला. मुलं आली, सतरंज्या अंथरून कामाला लागली. बाई मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या.

साहेब खूश झाले. गोजरजवळ बसून त्यांनी स्वतः माझे दट्टे लावले, आणि त्यांचा एक उरला. ते खूप हसले. मग त्यांनी कागद काढला.

"बहोत अच्छा. इथं दस्तखत करा, बाई."

"आज शनिवार आहे, साहेब. सूर्य मावळला की करते."

"माझी पूर्णेची गाडी तासाभरात आहे. दस्तखत माझ्यासमोर व्हायला पाहिजे. नाहीतर इजाजत नामंजूर लिहावं लागेल."

मी आतल्या आत तडफडलो. दोन अक्षरांचा तर प्रश्न होता, करून टाकायची! गोजरला दुसऱ्या शाळेत कोण पाठवणार होतं? बाईंचे हात मांडीवरून उठले नाहीत. साहेब वाईट वाटून गेले. पंधरा दिवसांनी शाळा बंद करण्याचा हुकूम आला. बाई त्या रात्री जेवल्या नाहीत. चूक कोणाची झाली, हे मला आजही सांगता येत नाही.

मी ट्रंकेत पडलो. दिवस जाता जात नव्हते. एका शनिवारी ओसरीवर गोजरचा आवाज आला.

"बाई, आज शाळा हाय का?"

"नाही गं. आता शाळाच नाही. आणि आज तर शनिवार."

"मंग मी नुसती येऊन बसू?"

बाई म्हणाल्या, "ये. ट्रंक उघडीच आहे."

पुढच्या शनिवारी सात मुलं आली. एकदा पोलीस चौकशीला आला, तेव्हा गोजरनेच त्याला सांगितलं, "शाळा बंद हाय, साहेब. शनिवारी बाई काहीच करत न्हाईत." त्याने बघितलं, तर बाई खरंच नुसत्या बसलेल्या. असे दहा वर्षांचे शनिवार गेले.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. त्याआधीच्या धामधुमीत जिनिंग बंद पडलं होतं, आणि बाईंचं कुटुंब मुंबईला परत निघालं. रविवारची गाडी होती. आदल्या दिवशी, शनिवारी, दवंडी आली, ज्याला मराठी शाळा काढायची असेल त्याने आजच कचेरीत अर्ज द्यावा. गोजर आता अठरा वर्षांची. ती धावत आली. बाई लिहू शकत नव्हत्या, म्हणून तीच सतरंजीवर बसून लिहू लागली. गाव लिहिलं, ओसरी लिहिली, मुलं किती ते लिहिलं. कागदाची घडी घालून ती उठली.

खाली सही केलीच नव्हती. बाईंनी ते पाहिलं. मीही पाहिलं आणि माझा जीव टांगणीला लागला. कचेरी बंद होत आली होती. बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले.

मित्रांनो, मूल चुकताना दिसलं की आपला हात आधी पुढे जातो. त्या घटकेत तो आवरा, ही माझ्यासारख्या उतावळ्याची तुम्हाला विनंती आहे. फार अवघड असतं ते.

गोजर उंबऱ्यापर्यंत गेली आणि थबकली. घडी उघडून तिने कागद पुन्हा वाचला. परत येऊन बसली आणि खाली लिहिलं, गोजरबाई तातेराव, शिक्षिका.