दारावरचा दुपट्टा

मुलांनो, अशी एक चाळ डोळ्यांसमोर आणा, जिथं भरदिवसाही मुलं आवाज न करता खेळतात. चेंडू लागला तरी ओरडायचं नाही. हसू आलं तर तोंड दाबून हसायचं. आणली? तर ही हिंगणघाटची गिरणीची चाळ, गोष्ट चाळीसेक वर्षांमागची.

रातपाळी करून आलेला माणूस खांद्यावरचा दुपट्टा दाराच्या कडीला अडकवून झोपायचा. दुपट्टा दिसला की ते दार कोणी वाजवायचं नाही, हा तिथला कायदा. पोस्टमनसुद्धा पाळायचा.

कोकिळाच्या आबाजींनी, म्हणजे तानबांनी, आयुष्यभर रातपाळी केली होती. वय झालं, गिरणीतली नोकरी सुटली, तरी दुपट्टा सुटला नाही. पहिल्या वर्षी ते पहाटेच उठायचे, कोकिळाची वेणी घालायचे. वेणी वाकडी व्हायची, पण तिला तीच हवी असायची. मग हळूहळू त्यांची झोप वाढत गेली. वेणी आई घालू लागली. आबाजींच्या चहावर साय धरू लागली.

समोरच्या खोलीत त्यांच्याबरोबरच गिरणीतून निवृत्त झालेले जोडीदार चंद्रभान एकटेच राहायचे. ते चिडवायचे, "काऊन बे तानबा, सासुरवाडीले आला का? दिवसभर पडून राह्यला!"

"जळू नको," आबाजी जांभई देत म्हणायचे. "मले झोप सोडत नाई, त्याले मी काय करू?"

कोकिळा मात्र हसायची नाही. ती आईला म्हणाली, "माय, आबाजी लईच झोपून राह्यले न वो."

"जन्मभर जागले ते. आता तरी झोपू दे त्याइले."

घरात सगळ्यांना बरंच वाटत होतं. म्हातारा माणूस निवांत झोपतो, याहून मोठं सुख कोणतं? कोकिळाच दारापाशी बसून राखण करायची. शेजारचा लहानू भोवरा घेऊन आला, की ओठांवर बोट ठेवायची.

चतुर्थीला आबाजी तिला केळझरच्या गणपतीला नेणार होते. ती नवा फ्रॉक घालून तयार झाली. आबाजींच्या खोलीच्या कडीला दुपट्टा तसाच. एसटीची वेळ झाली. तिनं दाराला कान लावला. आत घोरणं चालू होतं. हात कडीपर्यंत गेला, आणि तिनं तो मागं घेतला.

ऊन अंगणभर पसरलं, तरी आबाजी उठले नाहीत. शेवटी आईनंच आत जाऊन हलवलं. त्यांनी डोळे किलकिले केले, "वेणी..." एवढं म्हणाले, आणि पुन्हा मिटले.

सेवाग्रामच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आईला विचारलं, "कधीपासून एवढे झोपतात?"

"लई दिवस झाले. आमाले वाटलं, आराम होऊन राह्यला."

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "झोपेमुळं नाही झालं हे, बाई. हृदय थकत चाललं होतं, म्हणून झोप वाढत होती. म्हाताऱ्या माणसाची झोप अशी बदलली, की एकदा दाखवून घ्यावं."

कोकिळा आईचा पदर धरून ऐकत होती. आबाजी परत आले ते चौघांच्या खांद्यांवरून.

मुलांनो, तिचं काही चुकलं नव्हतं. प्रेमानंच तिनं राखण केली होती. पण हे तिला कोण सांगणार? ती जेवेना. वेणी घालू देईना. आबाजींचा दुपट्टा उशाशी घेऊन नुसती पडून राही. चाळीतली मुलं तिच्या दारासमोरून चवड्यांवर चालत.

आणि एका दुपारी तिचं लक्ष समोर गेलं. चंद्रभानांच्या कडीला दुपट्टा होता. कालही या वेळेला होता. परवाही.

ती उठली. मोकळ्या केसांनी अंगण ओलांडलं. लहानूनं ओठांवर बोट ठेवलं. तिनं कडीचा दुपट्टा काढून त्याच्या हातात दिला आणि कडी वाजवली.

"चंद्रभानआबा, उठा!"

दारं उघडली. बाया बाहेर आल्या. "अवं पोरी, झोपले न ते!" कोणीतरी म्हणालं. तिनं मागं पाहिलं नाही.

"उठा न आबा! आपल्याले सेवाग्रामले जायाचं हाय!"

आतून खोकला आणि एक सणसणीत शिवी ऐकू येईपर्यंत कोकिळा दोन्ही हातांनी कडी वाजवत राहिली.